आक्का, गूळ आणि खोबरं

प्रिय वैशे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. वाड्यातल्या भाटीची दोन पिल्लं घरात घेऊ का, तुझी मांजर बबडी म्हातारी झालीय तिला चालेल का, एवढंच विचारलंस, पण याचं उत्तर फोनवर नीट देता यायचं नाही मला, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे काय झालं ते आधी ऐक. गेल्या जुलैत पार्किंगमधल्या एका गाडीच्या बॉनेटमधून दोन पिल्लं ओरडत होती, सात घरं फिरवता फिरवता आई त्यांना तिथंच ठेवून गेली बहुतेक, दोन दिवस वाट पाहिली, आलीच नाही. किचनच्या काट्यावर एक ४१० ग्रॅम, एक ३८०, म्हणजे महिन्याभराची. सासूबाईंनी मायेनं वाटीभर गाईचं दूध पाजलं आणि रात्रभर दोघांना जुलाब. तू तसं करू नकोस, किटन फूड कोमट पाण्यात कालवून दे. नारिंगी तो गूळ, पांढरी ती खोबरं. नारिंगी म्हणजे बहुतेक बोकाच असतो, तसाच तो निघाला.

व्हेटनी दोघांना चौदा दिवस बाथरूममधे वेगळं ठेवायला सांगितलं, पॅनल्यूकोपेनियाची भीती असते, मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार आहे तो, लस न झालेल्या पिल्लाला दोन-तीन दिवसांत नेऊ शकतो. आठव्या आठवड्याला पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवडे होईपर्यंत, मधे रेबीजची. आमची म्हातारी मांजर आक्का, तिचा बूस्टर राहिला होता तोही उरकला. तोवर आक्काचं फडकं पिल्लांच्या खोक्यात आणि पिल्लांचं आक्काच्या गादीवर, वासाची ओळख आधी, तोंडओळख नंतर. तरी पहिल्या दिवशी आक्का जी फिस्कारली! शेपूट बाटली धुवायच्या ब्रशएवढी. गुळ्या अंगचटीला गेला की एक चापट, पण नखं आत ठेवून हं. त्यात पडू नकोस, बबडीला रागवू तर अजिबात नको, वळण लावतेय ती.

इथपर्यंत सगळं छान, मी आपली फोटो काढण्यात गुंग. चूक झाली ती पुढे, आणि ती सांगायलाच हे पत्र.

तिघांच्या बश्या मी एका रांगेत मांडायचे. दहा मिनिटांत तिन्ही रिकाम्या, मला वाटायचं वा, आक्कासुद्धा चाटूनपुसून खातेय. लिटर, म्हणजे त्यांच्या शी-शूची वाळू, उपसताना शूचे गोळे मोठे निघायचे, म्हटलं तीन जणं झाली आता, होणारच. आक्का सारखी बाथरूममधे बादलीशी बसायची, म्हटलं पोरांना कंटाळून जाते बिचारी, सगळ्यांना हसून सांगायचे पण! सप्टेंबरात एकदा तिला उचललं आणि पाठीचा कणा बोटांना लागला, माळेचे मणी लागावेत तसा. लसीच्या वेळी ४.२ किलो होती, आता ३.३. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट चालत नाहीये. तेरा वर्षांची आहे, म्हातारपणी बऱ्याच मांजरांना हे होतं गं, पिल्लांमुळे झालं नाही. पण ती एकटी असती तर उरलेलं खाणं, वाढलेलं पाणी, मोठे गोळे मला महिनाभर आधी दिसले असते. पिल्लांच्या गर्दीत सगळं झाकलं गेलं, आणि मांजराची जात, दुखणं दाखवत नाही.

आता आक्का बेडरूममधे दार लावून जेवते, तिचं किडनीचं खाणं वेगळं, पोरांचं किचनमधे. लिटरचे ट्रे चार, म्हणजे मांजरांपेक्षा एक जास्त, त्यातल्या एकाची कड मी कापून बुटकी केलीय कारण तिचे गुडघे कुरकुरतात. एक तारखेला तिघांचं वजन, तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि माझं वजा करायचं (माझा आकडा विचारू नकोस). दिवसाआड शंभर एमएल सलाईन, मीच लावते आता. पिशवी कोमट पाण्यात ठेवायची, मानेमागची कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची आणि सुई त्यात. पहिल्यांदा माझेच हात लटपटले, सुई आरपार जाऊन अर्धी गादी भिजली. सलाईन गेलं की खांद्यावर उंटासारखा फुगा येतो आणि हळूहळू एका पायाकडे ओघळतो, घाबरू नये, जिरतो.

तर घेणार असशील तर दोन्ही घे. एकटं पिल्लू दिवसभर बबडीच्या शेपटीला लोंबकळेल, दोघं असली की एकमेकांनाच लोळवतात. पण आणायच्या आधी बबडीचं रक्त तपास आणि वजन लिहून ठेव, आणलंस की आठवत नाही काही. आणि पाच-सहा महिन्यांची झाली की दोघांचं ऑपरेशन, नाहीतर पुढच्या वर्षी मलाच सहा पिल्लांबद्दल विचारशील.

आक्काचं त्यांच्यावर प्रेमबिम काही नाही. दुपारी खिडकीत ऊन येतं तेव्हा खोबरं हळूच पाठीला पाठ लावून झोपते, आक्का झोपू देते, मी बघतेय असं कळलं की उठून जाते.

बबडीचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. चल, सलाईनची वेळ झाली, गुळ्या आत्ताच नळी चावायला लागलाय.

तुझीच,
सुमी