आई, पाणी कमी पिऊ नकोस

मडगाव, गोवा
भाद्रपद वद्य सप्तमी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

चतुर्थी आटोपून मी मडगावला परत आले त्याला आता बारा दिवस होतील. रोज रात्री फोनवर आपले बोलणे होते, पण जे सांगायचे आहे ते दर वेळी राहून जाते, कारण फोन लागला की आई मुलांच्या परीक्षेचे विचारते, बाबा पावसाचे सांगतात आणि दोन्हीकडे कोणी ना कोणी ऐकत बसलेले असते. म्हणून हे पत्र. विषय आईच्या लघवीच्या तक्रारीचा आहे आणि थोडा बाबांच्या रात्रीच्या उठण्याचाही आहे. आपल्या घरात या गोष्टी उघडपणे बोलल्या जात नाहीत हे मला ठाऊक आहे. तरीही पत्र मी दोघांच्या नावे लिहिले आहे आणि दोघांनी एकत्र बसून ते वाचावे अशी माझी विनंती आहे.

आई, पंचमीला आपण दोघी देवळातून परत आलो तेव्हा मी तुझ्या मागे दोन पायऱ्यांवर होते. सगळी वाट तू नीट बोलत आली होतीस. दारापाशी पोहोचल्यावर तू कमरेची किल्ली काढलीस, ती कुलपात फिरवलीस आणि त्याच क्षणी तुझा चेहरा बदलला. फुलांची परडी सोप्यावर तशीच टाकून तू मागीलदारी धावलीस आणि त्यानंतर बराच वेळ न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे परसातल्या दोरीवर मोठ्या चादरीच्या आड जुन्या लुगड्याचे चौकोनी तुकडे वाळत घातलेले मी पाहिले. त्या संध्याकाळी बायका फुगडीला उभ्या राहिल्या तेव्हा गुडघ्याचे निमित्त सांगून तू खांबाला टेकून बसून राहिलीस. वाड्यावरच्या फुगडीत सर्वांत आधी पदर खोचणारी तू होतीस. तुझे गुडघे मला ठीक दिसले, आई. तुला भीती कशाची वाटत होती ते मला त्या दोरीवर कळले होते.

किल्ली फिरवताना लागणारी ही घाई डॉक्टरांच्या अगदी परिचयाची आहे. नळाचे पाणी वाहताना ऐकले, गार पाण्यात हात घातला किंवा घराचे दार दिसले की अनेकांना अशीच कळ येते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ही पिशवी भरत असताना तिचा स्नायू सैल राहायला हवा आणि आपण ठरवू तेव्हाच तो आवळला जायला हवा. काही जणांमध्ये तो मधेच, थोडीशी लघवी साठली तरी आवळू लागतो किंवा भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत फार लवकर आणि फार जोरात पोहोचते. यालाच अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. वयाबरोबर हा त्रास अधिक आढळतो हे खरे, पण तो वयाचा भाग म्हणून सोसायचा असतो हे खरे नाही. खोकताना किंवा शिंकताना लघवी सुटणे हा निराळा प्रकार आहे, त्याचे उपायही काहीसे निराळे आहेत आणि काही बायकांना दोन्ही त्रास एकत्र असतात. तुला शिंकताना काही होत नाही असे तू मावशीला सांगितल्याचे मला आठवते, तरी नेमके काय आहे ते तपासूनच ठरले पाहिजे. लघवीत जंतुसंसर्ग नाही ना आणि साखर वाढलेली नाही ना, हे सर्वांत आधी पाहावे लागेल.

तू दोन वर्षांपूर्वी एकदा धीर करून डॉक्टरांकडे गेली होतीस, हे मला या खेपेस कपाट आवरताना कळले. औषधांच्या डब्यात ऑक्सिब्युटिनिनचे अर्धे संपलेले पाकीट होते. विचारल्यावर तू म्हणालीस की तोंड इतके कोरडे पडायचे की भाकरीचा घास गिळवत नसे, पोट साफ होईना, म्हणून आठवड्यात गोळी बंद केली. असे होऊ शकते हे गोळी देताना तुला कोणी सांगितले नाही, पुन्हा भेटायला बोलावले नाही, आणि या त्रासावर उपायच नाही अशी समजूत करून घेऊन तू दोन वर्षे गप्प राहिलीस. मला याचे फार वाईट वाटले आणि रागही आला. ऑक्सिब्युटिनिन १९७५ पासून वापरात असलेले औषध आहे. मूत्राशयाच्या स्नायूला आवळायला सांगणारे अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य ते अडवते, परंतु तेच द्रव्य लाळेच्या ग्रंथींत, आतड्यात आणि मेंदूतही काम करत असल्यामुळे तोंड सुकते, बद्धकोष्ठ होते आणि म्हाताऱ्या माणसांना कधीकधी गोंधळल्यासारखे होते. म्हणजे तुझा त्रास खरा होता आणि त्याचे कारणही ठाऊक असलेले होते.

या गोळ्यांविषयी आणखी एक गोष्ट तुम्हाला दोघांनाही माहीत असावी असे मला वाटते. २०१५ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षे आणि त्यावरील ३,४३४ माणसांवर सरासरी सात वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अॅसिटिलकोलीन अडवणारी औषधे, ज्यांत लघवीच्या गोळ्यांबरोबर सर्दी-खाजेच्या आणि नैराश्याच्या काही जुन्या गोळ्याही येतात, जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. गोळीमुळेच स्मृतिभ्रंश झाला असे त्यावरून सिद्ध होत नाही, परंतु सत्तरीतल्या माणसाला अशी गोळी वर्षानुवर्षे देताना विचार करायला हवा, एवढे नक्कीच ठरते. आजीची शेवटची वर्षे आपण घरात पाहिली आहेत, म्हणून मला याची अधिकच काळजी वाटते. मिराबेग्रॉन हे वेगळ्या वाटेने काम करणारे औषध २०११ मध्ये जपानात आणि २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि ते आता आपल्याकडेही मिळते. ते स्नायूला आवळण्यापासून अडवत नाही, तर सैल व्हायला मदत करते, आणि तोंड कोरडे पडण्याचा त्रास त्यात बराच कमी असतो. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे आईच्या रक्तदाबाची वही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते सुरू करायचे नाही.

पण माझा भर गोळीवर नाही. मला सर्वांत आश्वासक वाटला तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. त्यात ५५ ते ९२ वर्षे वयाच्या १९७ स्त्रिया होत्या, म्हणजे तुझ्यासारख्या आणि तुझ्याहून मोठ्याही. काहींना आठ आठवड्यांत चार भेटींमध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कसे आवळायचे आणि घाई लागली की काय करायचे ते शिकवले, काहींना हेच ऑक्सिब्युटिनिन दिले आणि काहींना औषध नसलेली नुसती गोळी दिली. शिकवलेल्या स्त्रियांमध्ये लघवी सुटण्याचे प्रसंग सरासरी ८१ टक्क्यांनी कमी झाले, औषध घेणाऱ्यांमध्ये ६९ टक्क्यांनी आणि नुसत्या गोळीवरच्या स्त्रियांमध्ये ३९ टक्क्यांनी. ज्या गोळीने तुझे तोंड सुकले तिच्याहून शिकवणीचा उपयोग अधिक झाला, हे वाचून मी वही मिटून थोडा वेळ नुसतीच बसून राहिले होते.

तर ही रीत अशी आहे. कळ आली की धावायचे नाही. धावल्याने पोटावर दाब येतो, मन घाबरते आणि मूत्राशय आणखी आवळते. तिथेच थांबायचे, जमल्यास बसायचे, आणि वारा सरू नये म्हणून आपण जे स्नायू आत ओढून धरतो तेच स्नायू पाच-सहा वेळा भरभर आवळून सोडायचे. पोट, मांड्या आणि श्वास सैल ठेवायचा. कळ लाटेसारखी वर चढते आणि ओसरते; ती ओसरली की सावकाश चालत जायचे. दाराशी आलीस की किल्ली काढण्याआधीच पायरीवर थांबून हे करायचे. याशिवाय दिवसातून तीनदा, सावकाश दहापर्यंत मोजत तेच स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम करायचा. सुरुवातीला दहापर्यंत धरवणार नाही, तीन-चारपर्यंत धरलेस तरी पुरे. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला आजही त्यांचेच नाव आहे. मात्र लघवी करत असताना मधेच धार थांबवून तो करायचा नाही. दोन दिवसांत फरक दिसणार नाही, दीड-दोन महिने नेटाने करावे लागेल, आणि आपण बरोबर स्नायू आवळतो आहोत की नाही हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा पाहून घेतलेले बरे.

आणि पाणी. पणजीला जायचे असले की तू सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीस, दहाची पेजसुद्धा टाळतेस, हे या वेळी माझ्या लक्षात आले. आई, हे करू नकोस. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होते, ती मूत्राशयाला टोचते, बद्धकोष्ठ वाढते, आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाबून घाई आणखी वाढवते. कमी करायचाच असेल तर चहा कर. दिवसाच्या पाच कपांचे दोन झाले आणि शेवटचा दुपारी झाला, तरी तुला फरक जाणवेल.

एवढे करूनही गुण आला नाही तर पुढचे उपाय आहेत, म्हणून निराश व्हायचे कारण नाही. घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईवाटे सौम्य विद्युतप्रवाह आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे देतात; ही नस पाठीच्या कण्यात ज्या ठिकाणाहून निघते त्याच ठिकाणाहून मूत्राशयाच्याही नसा निघतात. बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या द्रव्याची सुई दुर्बिणीतून मूत्राशयाच्या स्नायूत देतात, तिचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो, पण काहींना त्यानंतर लघवी अडते आणि काही काळ नळी वापरावी लागते. संशोधन त्याच्याही पुढे चालले आहे. आर्डेम पटापूटियन या शास्त्रज्ञांना २०२१ चे नोबेल पारितोषिक ज्या शोधासाठी विभागून मिळाले, त्यातले पिएझो-२ नावाचे प्रथिन मूत्राशय ताणले गेल्याची जाणीव करून देते, असे २०२० मध्ये दिसून आले. जन्मतः ते प्रथिन नसलेल्या काही माणसांना लघवी लागल्याचे नीट कळतच नाही आणि ती घड्याळ पाहून जातात. या शोधातून औषध अजून हाती आलेले नाही, पण तुझ्या त्रासाचे मूळ शोधायला जगातले उत्तम शास्त्रज्ञ बसले आहेत, हे तुला ठाऊक असावे असे मला वाटले.

बाबा, आता तुमच्याविषयी. तुम्ही रात्री चार वेळा उठलात ते मी मोजले. टॉर्च घेऊन ओल्या मागीलदारातून तुम्ही जाता तेव्हा मी अंथरुणात श्वास रोखून ऐकत होते. पुरुषांमध्ये याचे कारण प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढणे असू शकते, म्हणून तुमचीही सोनोग्राफी आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते याची तपासणी करायची आहे. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी आहे आणि ती तुम्ही रात्री जेवणानंतर घेता; ती सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारू. संध्याकाळी तुमचे पाय सुजतात. दिवसभर पायांत उतरलेले ते पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि रात्री लघवीवाटे जाते, म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडत जा. तोवर पलंगाखाली लघवीचे भांडे ठेवा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्या पायऱ्यांवर पडून खुब्याचे हाड मोडले तर काय होते ते आपण काकांच्या बाबतीत पाहिले आहे. आणखी एक विनंती आहे. आईला “इतक्यांदा का जातेस” असे विचारू नका.

सोबत एक वही आणि मापाचे प्लास्टिकचे भांडे पाठवत आहे. दोघांनीही सलग तीन दिवस किती वाजता किती लघवी झाली, किती प्यायलात, कधी घाई लागली आणि कधी सुटली ते लिहून ठेवायचे आहे. चहा, पेज, सोलकढी सगळे मोजायचे. डॉक्टरांना या वहीतून जे कळते ते नुसत्या सांगण्यावरून कळत नाही. घरचा म्हाळ आटोपला की मी रजा काढून गाडी घेऊन साखळीला येईन आणि आपण तिघे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, युरॉलॉजी (मूत्रविकार) विभागात जाऊ. रक्तदाबाची वही आणि ते अर्धे पाकीट बरोबर घ्या.

आई, त्या दिवशी निघताना नेहमीसारखी पेज घेऊन नीघ. वाटेत स्वच्छ संडास कुठे कुठे आहेत ते मी येताना पाहून ठेवले आहे आणि तू सांगशील तिथे गाडी थांबेल.

तुमची,
बाय