काळ्यात घाला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सिद्धेश्वर एक्सप्रेस वेळेवर पोचली असेल. शेंगाचटणीची पुडी ओट्यावरच राहिली. आई काल दिवसभर त्या पुडीशीच बोलत होती.

जेवतेस ना? हे विचारायचं नाही, असं ठरवून बसलो होतो.

परवा मी ‘सगळं काळंच काय काढतेस’ म्हणालो आणि तू चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलंस. मला चित्रातलं कळत नाही, कबूल. पण ३० वर्षं सूत रंगवायच्या डाईंगमध्ये गेली. लॉटची शेड बिघडली, लाल डागाळला, हिरवा फिका पडला, की शेठ म्हणायचे, ‘काळ्यात घाला.’ काळ्याखाली सगळं खपतं. म्हणून तुझं चित्र बघितल्यावर पहिलं हेच आलं मनात, पोरीचं काय बिघडलं?

त्यात तू दिलेलं त्या अमेरिकन चित्रकारावरचं, रॉथकोवरचं वाचलं. आधी केवढा पिवळा, नारिंगी! मग काळवंडतच गेला. ह्यूस्टनच्या त्या प्रार्थनागृहातली १४ चित्रं, बरीचशी काळीच. ती भिंतीवर लागलेली बघायलाही थांबला नाही, १९७० साली स्वतःला संपवलं त्यानं. रात्रभर डोळा लागला नाही माझा. आपल्या चित्रकार गायतोंडेंच्यात बघ, पिवळा कसा आतून उजळतो. तसं काहीतरी काढावं माणसानं, सकाळी लवकर उठावं, वेळेवर... झालं सुरू माझं. माफ कर.

तू सहा वर्षांची असशील, डबा घेऊन डाईंगला आली होतीस. निळीच्या हौदातून लड वर काढली, पिवळट हिरवी. हवा लागली तशी डोळ्यांदेखत निळी होत गेली. तू माझा पाय धरून ओरडलीस, “बाबा, ती घाबरली!” सगळे कामगार हसले. मी नाही हसलो. रंगाला भीती वाटते हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

काल चारच्या सुमारास पश्चिमेची खिडकी उघडून चित्र सरळ केलं. तिरपं ऊन पडलं तेव्हा काळ्याखालून मरून रंग दिसला, कडेला तर चांगला बोटभर. बराच वेळ बसलो होतो, चहा गार झाला. कॅलेंडरच्या खिळ्याला लावलंय आता. आक्का कुरकुरतेय, तिला एकादशी कळत नाही म्हणून.

मरून आधी लावलास की काळ्यावरून? एवढं सांगायला तरी फोन उचल. चटणी शनिवारी शेजारच्या पोराबरोबर पाठवतोय. भाकरी मिळते का गं तिकडं?

तुझा,
बाबा