वखारीतून पत्र

उट्रेख्त,
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

मी सध्या वखारीत राहतोय. चेष्टा नाही! वेंगुर्ल्याच्या डच वखारीत पिंपळाची मुळं धरून आपण भिंतीवर चढायचो. पन्नाशी उलटल्यावर डचांच्याच देशात पैसे मोजून वखारीत झोपेन, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

खोली पुतणीने ठरवली. आईला फोनवर सांगितलं, कालव्याकाठी राहतोय, तर ती म्हणते, "मगे कालवां गावतत काय थंय?" तिला वाटलं शिंपल्यांतली कालवं. आता काय सांगू तिला!

इथली रचना दोन मजली आहे बघ. खाली आउडग्राख्त, म्हणजे जुना कालवा. पाण्यालगत धक्का, धक्क्यामागे कमानीच्या वखारी, वखारींच्या डोक्यावर रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरं. वखार घराच्या तळघरापासून रस्त्याखालून थेट धक्क्यावर निघते. 1122 साली ऱ्हाईनचा जुना प्रवाह वरच्या अंगाला बांध घालून अडवला, तेव्हा शहराने नावांसाठी कालव्याची सोय स्वतः केली आणि पुढच्या शे-दोनशे वर्षांत हे धक्के नि वखारी उभ्या राहिल्या. नाव दाराशी लागली की पिंप थेट आत. हमालाला जिना चढायला नको.

त्या पिंपांच्या जागी आता मी. पांढरा चुना फासलेली विटांची कमान इतकी खाली उतरते की पहिल्याच रात्री कपाळ आपटलं. ओल तर विचारू नकोस. श्रावणात आपल्या माजघराला येतो तोच वास. कोपऱ्यात ओल शोषणारं यंत्र घरघरत असतं, रोज सकाळी त्याची बादली मीच ओततो. मालकीणबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, आठशे वर्षांची सवय आहे, जाणार कशी? भाडं मात्र आजच्या दराने घेतात. न्याहारीला पाव, लोणी आणि वर चॉकलेटचे दाणे, लहान मुलांना देतात तसे. तुझी शपथ, दुसऱ्या दिवशी मीच जास्तीचे मागून घेतले.

खिडकीतून बदकं दिसतात आणि वल्ह्यांची पाती. डोक्यावरून सायकली खडखडत जातात. जड गाड्यांना तिथे मनाई, कारण त्यांचा रस्ता म्हणजे आमचं छप्पर. म्हणून खानावळींची बिअर अजून नावेनेच येते, फक्त नाव आता विजेवर चालते. बाकी धंदा तोच.

दर पंधरा मिनिटांनी डोम मनोऱ्याच्या घंटा. पहिल्या रात्री वैताग, आता त्यांच्यावाचून झोप येत नाही. मनोरा 112 मीटर उंच आणि चर्चपासून तुटलेला. 1 ऑगस्ट 1674 च्या वादळात मधला भागच कोसळला. तिथे आता चौक आहे, लोक सायकली लावून गप्पा मारतात. वर जायला 465 पायऱ्या. पुतणी गेली, मी खाली कॉफी घेतली.

पण खरं सांगायचं ते आज दुपारचं. कालव्याकाठच्या फरशीत एक कविता कोरतायत, दर शनिवारी एक अक्षर, एका दगडावर एकच. 2012 पासून चाललंय, आणि संपवायचा कुणाचा विचारही नाही. एका कवीची ओळ संपली की दुसरा पुढे लिहितो. पाथरवट बाई गुडघ्यावर बसून छिन्नी मारत होती, मध्येच फुंकर घालून भुकटी उडवत होती. तासाभरात अक्षर झालं. शब्द मात्र अर्धाच. मी पुतणीला विचारलं, पुढे काय? म्हणाली, "पुढच्या शनिवारी, काका." आणि माझं विमान बुधवारी!

एक काम कर. वखारीकडे जाशील तेव्हा, पडायला झालेल्या भिंतीपासून जरा लांब राहून, तिथल्या दाराची उंची पाहून ये. ही माणसं एवढी ताडमाड, आणि दारं अशी का, मला अजून कळलेलं नाही. टेंगूळ अजून आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिन्या