बारा तासांच्या पाळीत चालायचं कधी?

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यातून मी कल्याण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. इतक्या वर्षांत ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगणारा एकही कामगार मला भेटला नाही. ‘साहेब, पित्त झालंय’, ‘डोकं जड आहे’, ‘तिसरी पाळी बदलून द्या’, तक्रारी अशाच यायच्या. प्रेसवरचा एक जुना ऑपरेटर सहा महिने पित्ताच्या गोळ्या खात होता. एकदा त्याला चक्कर आली म्हणून घरी सोडायला गेलो, तर बायको म्हणाली, ‘हे दिवसाही झोपत नाहीत, नुसते भिंतीकडे बघत बसतात.’ तोवर मी त्याच्या चार रजा नामंजूर केल्या होत्या.

हे आज लिहितोय, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली आणि ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागते, हे मला माहीत आहे. संमती कशी मिळते तेही माहीत आहे. घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस सही करतोच. बारा तास मशीनवर, दोन तास बसमध्ये, सात तास झोप. उरले तीन. त्यात आंघोळ, जेवण, पोरांचा अभ्यास. बाईची तर घरी पोचल्यावर दुसरी पाळी सुरू होते.

आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा लकव्याचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्येच सांगितलं. मेंदू शाबूत ठेवायला हीच आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याएवढा व्यायाम सांगते. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालणाऱ्या ज्येष्ठांच्या मेंदूतला स्मरणाचा भाग वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा आकसला. ‘दिवसभर उभाच असतो की, वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य मीही कामगारांना ऐकवलं आहे. चुकलं माझं. मशीनपुढे उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, तिथली गती मशीन ठरवतं.

केंद्राच्या नव्या कामगार संहितेत चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे. साखर, रक्तदाब बघतीलच. राज्याच्या नियमांत त्याच कागदावर झोपेचे आणि मनाचे चार प्रश्न घाला. आणि उत्तरं डॉक्टरपाशीच राहतील, एचआरच्या फाइलमध्ये जाणार नाहीत, हे स्पष्ट लिहा. तेवढं लिहिणार नसाल तर प्रश्नही घालू नका, सगळे ‘झोप उत्तम’ असंच लिहितील.

जून आणि डिसेंबरच्या पगारातून आमचे पैसे कामगार कल्याण मंडळाला जातात. १९५३च्या कायद्यातून आलेलं हे मंडळ. कबड्डी, भजन, नाट्यस्पर्धा यांत त्याने कामगारांना उतरवलं. (नाटकाच्या तालमीला जायला लागल्यावर दारू सुटलेले दोघे मी पाहिलेत, पण तो विषय निराळा.) मंडळाची मैदानं आणि व्यायामशाळा पाळी सुटण्याच्या वेळेला उघड्या मिळाव्यात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. तो पगारपत्रकावर आणि पंचिंग मशीनशेजारी छापायला किती खर्च येईल?

नियमांचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्यांना एकदा सकाळी सातला, तिसरी पाळी सुटताना, अंबडच्या कुठल्याही गेटवर पाठवा. चहा मी पाजतो.

आपला,
एक निवृत्त कल्याण अधिकारी, नाशिक