ग्राझमधले कम्युनिस्ट

युरोपातला समाजवाद इतिहासजमा झाला, असा सूर आपल्या अंकातील लेखात होता. ऑस्ट्रियापुरते बोलायचे तर तिथल्या संसदेत १९५९ पासून कम्युनिस्टांचा एकही खासदार नाही, हे खरेच. पण त्याच देशातले दुसरे मोठे शहर ग्राझ. तिथे २०२१ मध्ये त्याच पक्षाने सुमारे २९ टक्के मते घेतली आणि एल्के कार महापौर झाल्या. बरे, पक्षाने नावही बदललेले नाही!

याची सुरुवात झाली ती भाडेकरूंसाठीच्या एका फोनपासून. पक्षाचे तिथले नेते एर्नेस्ट काल्टेनेगर यांनी नव्वदच्या दशकात तो सुरू केला. भाडे वाढले, घर खाली करायची नोटीस आली, की लोक फोन करत. शिवाय पक्षाचे पदाधिकारी कामगाराच्या सरासरी पगाराइतके पैसे स्वतःकडे ठेवतात. उरलेल्यातून कुणाचे थकलेले वीजबिल भरले जाते, तर कुणाचे बंद पडलेले वॉशिंग मशीन बदलले जाते. दरवर्षी त्याचा हिशेब जाहीर होतो. यात मार्क्स किती, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. वीजबिल मात्र भरले गेलेले असते.

– एक वाचक, सातारा