परसातली मेथी आणि सकाळची उकडपेंडी

नागपूर,
मार्गशीर्ष

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याला गेल्यापासून सकाळचे खाणे चहा-बिस्किटांवरच भागते, असे तू परवा फोनवर सांगितलेस, तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. म्हणून मेथीची उकडपेंडी आपल्या घरी कशी होते, ते आज सविस्तर लिहिते आहे.

दिवाळीनंतर परसात मेथी आणि सांबार पेरला होता (तिकडच्या मंडईत मात्र कोथिंबीरच माग). आपली काळी माती पाणी फार धरते, म्हणून वाफ्यात शेणखत व थोडी वाळू मिसळली. महिनाभरात मेथी वीतभर झाली. सकाळच्या थंडीत पानांवर दव असते आणि नख लावताच कोवळा देठ टचकन तुटतो; तो नुसता वाकू लागला की भाजी जून झाली समजावे. रोप उपटू नये, बुडाशी दोन बोटे देठ ठेवून खुडावे, म्हणजे पुन्हा फूट येते.

वाटीभर जाडसर कणकेला दोन वाट्या चिरलेली मेथी घ्यावी. भाजी कमी घेऊ नकोस. आधी धुवावी आणि मगच चिरावी, कारण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि चिरलेल्या पानांतून ते लवकर निघून जाते. कणीक मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत कोरडी भाजून काढून ठेवावी. त्याच कढईत दोन चमचे तेलाची मोहरी-जिऱ्याची फोडणी करून कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा व हळद परतावी, मेथी घालून ती जेमतेम मऊ होऊ द्यावी, मग कणीक व मीठ घालावे. यानंतर आंबट ताकाचा थोडा थोडा हबका मारत, उलथन्याने मोकळे करत जावे आणि झाकण ठेवून दोन वाफा आणाव्या. लग्नानंतर पहिल्यांदा मी सगळे ताक एकदम ओतले होते आणि कढईत नुसते गोळे झाले होते. तेव्हा तुझ्या आजीने शेजारी उभे राहून माझ्याकडून पुन्हा सगळे करवून घेतले.

लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळ. पालेभाजीतले लोह अंगी लागायला त्याची मदत होते, आणि आचेवर पिळले तर त्याचा गुण कमी होतो. चहा मात्र लगेच घेऊ नकोस, तासभर थांब, कारण चहामुळे तेच लोह शरीरात नीट शोषले जात नाही. एवढे माझे ऐक.

पुढच्या आठवड्यात मामा पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर दोन किलो जाडसर दळलेली कणीक आणि मेथ्यांची पुडी पाठवते. खिडकीत ऊन येते तिथे वीतभर खोल कुंडी ठेव, मेथ्या रात्रभर भिजवून पेर आणि कोंब वर आले की मला कळव.

तुझी,
आई