शेंग्याची बिस्किटं आणि पाच हजार पाउच

सोलापूर,
रविवार, भर दुपार

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "पाउच कुठनं घेतलास बे? आमच्या हिलाही मांजरांचा खाऊ विकायचाय." मी "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला. राग मानू नकोस. तेव्हा मी नेमका माळ्याखाली उभा होतो आणि वर पाउचांचे गठ्ठे रचलेले होते. त्यांच्याकडे बघत तुला शहाणपण शिकवायचं जिवावर आलं. आज उन्हानं बाहेर पडायची सोय नाही, लाइटही गेलीय, तर सगळं लिहूनच टाकतो.

सुरुवात तुला माहितीय. आईच्या कडक भाकरीचे तुकडे आपला कुत्रा शेंग्या कुरुमकुरुम खायचा, त्यावरून हिला कुत्र्यांची बिस्किटं विकायचं सुचलं. ज्वारीचं पीठ, उकडून वाटलेली कोंबडीची कलेजी, अंडं, बस्स. आई अजून म्हणते, "थोडा लसूण टाका की, वास येईल." तिला किती वेळा सांगितलं की कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, तरी तिचा विश्वास बसत नाही. लसणाशिवाय जेवण ही कल्पनाच सोलापुरात कुणाला पटत नाही.

पहिले दोन महिने आम्ही साध्या पॉलिथिनच्या पिशवीत भरून, वर पिन मारून विकत होतो. कडक भाकरी तशीच तर विकतात आणि महिनोन्‌महिने टिकते, मग हे का नाही टिकणार? तर नाही टिकलं. विजापूर रोडवरच्या एका ताईंनी पाकीट परत आणून दिलं. उघडलं तर खवट वास. भाकरीत नुसतं पीठ असतं रे, तेलाचा थेंब नाही. कलेजीत आणि अंड्यात चरबी. साध्या पॉलिथिनमधून हवा हळूहळू आत शिरतच राहते, त्यात उजेड आणि आपल्याकडचा उन्हाळा. चरबी बिघडायला आणखी काय लागतं? शिवाय ती पिन चुकून कुत्र्याच्या पोटात गेली असती तर, या विचारानं ही दोन रात्री झोपली नाही.

म्हणून पाउच. बाहेर पॉलिएस्टर, मध्ये चांदीसारखी चकाकणारी मेटलाइज्ड फिल्म, आत पॉलिथिन, असे थर चिकटवलेले असतात. मधला थर हवा आणि उजेड अडवतो, आतला गरम केल्यावर चिकटतो. वहिनींना खाकी कागदाचे, पुढं खिडकी असलेले पाउच आवडतील. दिसतात झकास, पण खिडकीतून उजेड जातो, आणि आत नीट थर नसेल तर चार दिवसांत कागदावर तेलाचे डाग फुटतात. कोरड्या चण्याफुटाण्याला ठीक, कलेजीला नको.

इथवर मी शहाणा होतो. पुढं हाव सुटली.

मला छापील पाउच हवा होता. शेंग्याचं चित्र, आपलं नाव, मॅट फिनिश. साध्या पाउचवर स्टिकर म्हणजे बचत गटाचं लोणचं वाटतं, असं मीच हिला म्हणालो होतो. (बचत गटाच्या बायका माझ्यापेक्षा हुशार निघाल्या, ते पुढं येईलच.) चौकशी केली तर समोरचा म्हणाला, "सिलिंडरचे पैसे वेगळे." मला आधी गॅसचंच सिलिंडर डोळ्यांसमोर आलं. हे छपाईचं असतं, लोखंडी रूळ, त्यावर चित्र कोरलेलं, आणि प्रत्येक रंगाला एक. आपल्या चित्रात सहा रंग, म्हणजे सहा सिलिंडर. पाउच शंभर छापा नाहीतर लाख, तो खर्च तेवढाच.

हे मी अप्पांना सांगितलं. त्यांची सगळी हयात मागावर गेली. ते लगेच म्हणाले, "म्हणजे जकार्डच्या कार्डांसारखं. नक्षीची कार्डं एकदा पाडली की मग एक चादर कोण विणतो? हजार विणायच्या." पटलं मला. दुसरा एक जण डिजिटल छपाईतून पाचशे पाउच द्यायला तयार होता, त्यात सिलिंडरच लागत नाही, पण नगाचा दर ऐकून मी तोंड वाकडं केलं. रंग सहाचे तीन केले आणि पाच हजारांची ऑर्डर देऊन टाकली. आले पाच हजार तीनशे. मागितल्यापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त माल येणार आणि त्याचेही पैसे द्यायचे, हे कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. वहिनींना सांग, तळ आधी वाच.

चादर दहा वर्षं कपाटात पडली तरी चादरच राहते, हे ना अप्पांच्या लक्षात आलं ना माझ्या.

पाउच आले त्या रात्री आम्ही भरायला बसलो. पाउच २५० ग्रॅमचा, तसं वर छापलेलंही. दीडशे ग्रॅम बिस्किटं टाकली आणि तोंड बंद होईना. हलवून बघितलं, दाबून बघितलं, थोडा भुगा झाला, पण काटा काही दीडशेच्या पुढं सरकेना. विक्रेत्यानं मला वजन विचारलं होतं, वस्तू विचारली नव्हती. त्याचा २५० ग्रॅम म्हणजे मसाला, साखर असलं काहीतरी. हाडाच्या आकाराची पोकळ बिस्किटं म्हणजे निम्मी हवाच. मी नमुन्याचे दोन पाउच आधी मागवून भरून बघितले असते तर दहा मिनिटांत कळलं असतं.

म्हटलं, १५० ग्रॅमची बारीक चिठ्ठी चिकटवू वजनावर. तेही चालत नाही. पॅकबंद मालाचे २०११ चे वैधमापनाचे, म्हणजे वजनमापांचे, नियम आहेत, त्यात छापलेली माहिती बदलायला अशी सुटी चिठ्ठी लावायला मनाई आहे. किंमत कमी करायची असेल तरच लावता येते, आणि तीही जुनी किंमत न झाकता. मी तर किंमतही छापून बसलो होतो, आणि तोवर कलेजी महागली होती! म्हणजे पाउच वजनानंही गेला आणि किमतीनंही.

आता काय करतो ते सांगतो. चांदीच्या रंगाचे कोरे झिपवाले पाउच, शंभर-शंभरच्या गठ्ठ्यात, मापाला दोन नंबर मोठे. आणि आपल्या इथल्याच छापखान्यातून पाचशे लेबलं, ज्यावर सगळी माहिती एकत्र असते. नाव-पत्ता, वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसहित किंमत, ग्रॅममागं किती पडतं ते, तक्रारीसाठी फोन. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावीच लागते, मराठी वर जास्तीची. मी मराठी मोठ्या अक्षरात ठेवलीय. पॅकर म्हणून नोंदणीही करावी लागते, सुरू केल्यापासून नव्वद दिवसांत. कलेजीचा भाव बदलला की पुढच्या पाचशेंवर नवी किंमत. ही भोपळा घालून एक नवा प्रकार करतेय, त्याला वेगळं लेबल, पाउच तोच. स्टिकरला नावं ठेवणारा मीच आता रात्री बसून लेबलं चिकटवतो.

चिकटवायची ती रिकाम्या, सपाट पाउचवर, भरण्याआधी. भरलेल्या पाउचवर सुरकुत्या पडतात आणि चरबीच्या हातानं डिंक धरत नाही. भरताना तोंडाशी कागदाचं नरसाळं धर, कारण तिथं भुगा लागला तर सील वरून चांगलं दिसतं आणि दोन दिवसांत सुटतं. झिप म्हणजे सील नव्हे, ती गिऱ्हाइकाच्या सोयीला. झिपच्या वर गरम सील हवंच. आणि विकायच्या आधी पाच-सहा पाउच भरून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत महिनाभर ठेव म्हणावं, दर आठवड्याला एक फोडून हुंगायचा. पुण्यात आमच्याइतकं तापत नाही, तरी मे महिन्यात करा.

छपाई कधीच नको असं नाही. एकच माप, एकच चव वर्षभर खपली तर मी डिजिटलवाल्याकडं पाचशे सांगणार आहे. मागच्या वेळी त्याच्याशी जरा तुसडेपणानं बोललो होतो, तेवढी लाज आडवी येतेय.

राहिला माळ्यावरचा माल. तो आईनं मार्गी लावला. एके दिवशी बघतो तर तिनं शेंगाचटणी भरायला घेतलेली, मापून अडीचशे ग्रॅम, आणि पाउच गच्च, तोंड अगदी नीट बंद! आता नात्यागोत्यात जिथं जाईल तिथं शेंग्याचा फोटो आणि आत चटणी. अक्कलकोटच्या मावशीनं फोन करून विचारलं, "हे माणसांनी खायचं का गं?"

पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं ये, स्टेशनवर घ्यायला येतो. तुझ्यासाठी चार पाकिटं बाजूला ठेवलीत. फक्त वर कुत्रा दिसतोय म्हणून तुमच्या ब्रूनोला चाटायला देऊ नकोस, आईनं लसूण भरपूर घातलाय.

तुझा,
बाळ्या